उताराच्या खोलीतला चेंडू

शेवटचं भेटले तेव्हा दादा लातूरच्या घरातल्या पश्चिमेकडच्या खोलीत, खिडकीला लावलेल्या खाटेवर पडून होता. दुपारची वेळ होती. समोरच्या कोचिंग क्लासचे पत्रे उन्हाने तापले होते आणि वरच्या मजल्यावर राहणाऱ्या मुली जिना उतरता उतरता काहीतरी पाठ म्हणत होत्या. मी त्याला चमच्याने वरणभात भरवत होते. दोन घास घेतल्यावर त्याने मान वळवली, माझ्याकडे नीट पाहिलं आणि अगदी रोजच्या आवाजात विचारलं, "कुमे, फॉर्म सापडला का गं तुझा?"

मी म्हटलं, "कसला फॉर्म, दादा?"

उजवा हात त्याने खाटेवरून खाली सोडला, तळवा फरशीवर टेकवला, क्षणभर ठेवला आणि उचलून घेतला. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, आता ते मधूनमधून असंबद्ध बोलतील. दारात प्रिया उभी होती, अर्धापूरची, डॉक्टर व्हायचं म्हणून दोन वर्षांपासून वरच्या खोलीत राहणारी. तिला वाटलं, तिच्या परीक्षेबद्दल विचारतायत. "माझा भरला की काका, कवाच!" ती म्हणाली. दादा तिच्याकडे बघून हसला. तीन दिवसांनी नांदेडला मला फोन आला तो तिचाच. बराच वेळ ती नुसती "आत्या... आत्या..." म्हणत राहिली, आणि मला पुढचं ऐकायची गरज उरली नाही.

पाच आठवडे झाले. दादा असंबद्ध बोलत नव्हता. कोणत्या फॉर्मबद्दल तो विचारत होता हे मला त्याच क्षणी कळलं होतं, आणि तरीही मी 'कसला फॉर्म' म्हटलं. ते उत्तर बदलायला आता दादा नाही. पण ते तसंच ठेवून मला त्याच्याबद्दल दुसरं काही लिहिताही येत नाही.

दादा म्हणजे भास्कर. सत्तरच्या दशकात नांदेडच्या मैदानावर ज्यांनी हॉकी पाहिली, त्यांना तो कदाचित आठवत असेल, पण गोल करणारा म्हणून नव्हे. पेनल्टी कॉर्नरला तीन माणसं लागतात. एक जण गोलरेषेवरून चेंडू ढकलतो, दुसरा तो वर्तुळाच्या कडेशी थांबवतो आणि तिसरा मारतो. टाळ्या तिसऱ्याला मिळतात. दादा दुसरा होता. तेव्हा चेंडू हाताने थांबवायची परवानगी होती. डाव्या हातात स्टिक, एक गुडघा मुरमाला टेकलेला आणि उजवा तळवा जमिनीलगत. चेंडू सणसणत यायचा आणि त्या तळव्याखाली असा मरायचा की जणू तो कधी हललाच नव्हता. लगेच हात उचलून अंग बाजूला घ्यायचं, कारण मागून मारणाऱ्याची स्टिक निघालेली असायची. एवढासा उशीर झाला की बोटं गेली. दादाची करंगळी एकदा अशीच गेली होती. ती पुढे आयुष्यभर वाकडी राहिली आणि चहाचा कप धरताना बाहेर डोकवायची. बाहेरगावचे मोठे संघ आले की मैदानाच्या कडेला सतरंज्या पडायच्या. एक म्हातारे सरदारजी नेहमी गोलाच्या बाजूला खुर्ची टाकून बसत आणि दादाने चेंडू थांबवला की ओरडत, "हाथ है की गोंद है रे, भास्कर!" सगळी कड हसायची. दादा मात्र तोपर्यंत बाजूला होऊन मातीने भरलेला हात पँटीला पुसत उभा असायचा.

तो मागे कधी बघत नसे. मी शाळेत होते, पुस्तक घेऊन मैदानाच्या भिंतीवर बसायचे आणि वाचता वाचता खेळ बघायचे. एकदा मी त्याला विचारलं, मागून मारणारा येतोय हे तुला कळतं कसं?

"कळायचं काय त्यात? थांबवणाऱ्यानं मागं बघायचं नसतं. येतोच तो."

"आणि नाही आला तर?"

 हा प्रश्न त्याच्या मनात आधी कधी आलाच नसावा. "तर चेंडू पडून राहील," तो म्हणाला. "मग कळंल की."

मागून येणारा तो रघुनाथ. औसा तालुक्यातल्या एका खेड्यातून कॉलेजसाठी नांदेडला आलेला, वसतिगृहात राहणारा, आमच्या घरी रविवारी जेवायला येणारा. दादा जितका कमी बोलायचा, तितका हा जास्त. "कुमुद, तुझ्या दादाची बोटं माझ्या मेहेरबानीवर हायत बरं का. भाजी जरा चांगली वाढ." पुढे काही वर्षांनी त्याच्या घरून माझ्यासाठी विचारणा झाली, तेव्हा दादाने मला एवढंच सांगितलं, "तुझं तू ठरव. माणूस वेळेवर येतो, एवढं मला माहीत हाय." इतक्या छोट्या शिफारशीवर मी लग्न केलं आणि मला कधी पस्तावा झाला नाही.

लग्नाच्या आधीची एक गोष्ट मात्र सांगायला हवी. दादा विद्यापीठाकडून खेळला, राज्याच्या संघात गेला आणि एकदा राष्ट्रीय संघाच्या सराव शिबिराचं बोलावणं आलं. आईने त्याच्या ट्रंकेत लाडवांचा डबा घातला होता. महिनाभराने तो परत आला, तेव्हा डबा तसाच होता. शिबिरात त्यांना सांगण्यात आलं होतं की नियम बदलतोय, यापुढे चेंडू हाताने थांबवता येणार नाही. निवड झाली नव्हती. पायरीवर बसून बुटांच्या नाड्या सोडताना म्हणाला, "हाताला बंदी आली." जन्मभर जी एक गोष्ट त्याने शिकून घेतली होती, ती एका ओळीत संपली. तो स्टिकने थांबवायला शिकला, पुढे दोन-तीन मोसम खेळलाही. पण पेनल्टी कॉर्नर मिळाला की त्याचा उजवा हात आपोआप जमिनीकडे निघायचा आणि तो त्याला मागे ओढायचा. ते बघवत नसे.

लातूरच्या एका शाळेत तो क्रीडाशिक्षक झाला. लग्न त्याने केलंच नाही. रघुनाथ आपल्याच गावात मास्तर झाला आणि लग्नानंतर मी त्या गावी राहायला गेले. दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचं वजनदार माळवद, उन्हाळ्यात थंडगार. शाळेमागच्या माळावर रघुनाथने पोरांचा संघ उभा केला होता. बाभळीच्या वाकड्या फांद्या तासून केलेल्या स्टिका आणि चुना लावून पांढरा केलेला एक जुना चामड्याचा चेंडू. मी ग्रंथालयशास्त्राच्या परीक्षेला घरून बसायचं ठरवलं होतं. गावात पुस्तकं माझ्याइतकी कुणाकडेच नव्हती, म्हणून रघुनाथ मला मॅडम लायब्ररियन म्हणायचा.

त्या वर्षी गणपतीत मी लातूरला दादाकडे आले होते. चतुर्दशीला रघुनाथही आला. दुपारी जेवणं झाल्यावर तो ओसरीवर आडवा झाला आणि म्हणाला, "आज हितंच टेकतो. सकाळच्या गाडीनं जातो."

"अन् सकाळची प्रॅक्टिस?" दादा म्हणाला. "पोरं वाट बघत बसतील की."

"बसू दे एक दिवस. गणपती बुडवून दमली असतील."

दोघं हसले आणि तो विषय तिथे संपला. त्याचं राहायचं ठरलं होतं. मग तो पाणी प्यायला स्वयंपाकघरात आला आणि मी म्हटलं, "राहायलाव खरं, पण माझा परीक्षेचा फॉर्म तिकडं राहिलाय. परवा शेवटची तारीख. आज गेलात तर उद्या दुपारपर्यंत घेऊन याल."

"कशात हाय?"

"ट्रंकेत. पातळांच्या खाली."

किती खात्रीने सांगितलं मी... त्याने तांब्या खाली ठेवला, हात कपाळाला लावून सलाम ठोकला आणि म्हणाला, "हुकूम, मॅडम लायब्ररियन." पाचच्या एसटीला दादा त्याला स्कूटरवर सोडून आला.

त्या पहाटे काय झालं ते सगळ्या मराठवाड्याला माहीत आहे. मी ते इथे लिहीत नाही. उजाडताच दादा निघाला, मला त्याने नेलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी परत आला तेव्हा त्याच्या केसांपासून पायांपर्यंत एकच रंग होता, मातीचा. हातात तो चुना लावलेला चेंडू होता. त्या गावाची वाट त्याला पाठ होती, पण आता तिथे दार, गल्ली, पार असं ओळखायला काहीच नव्हतं. कुठे खणायचं ते कळेना. मग तो ढिगाऱ्यावर गुडघा टेकून बसला आणि त्याने उजवा तळवा खाली ठेवला. का ठेवला, ते त्यालाही सांगता येईना. "हात ठेवला, कुमे," तो म्हणाला, "तर खाली चेंडू." तिथे खणलं. रघुनाथ तिथेच होता.

 मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "ट्रंक उघडी होती. पातळं बाहेर काढून ठेवलेली होती."

मी त्याला पाणी आणायला उठले.

तेराव्या दिवशी पत्र्याच्या निवाऱ्यात सगळे बसले होते. सासूबाई शहाण्या बाई, कधी आवाज न चढवणाऱ्या. त्या दिवशी त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "सणासुदीचं आलेलं माणूस... कुणी धाडलं परत?" माझे ओठ हलले असतील, नसतील. माझ्या आधी दादा म्हणाला, "म्या धाडलं, मावशी. पोरांची प्रॅक्टिस होती."

"तुझ्या खेळानं खाल्लं माझं लेकरू," त्या म्हणाल्या. दादाने मान हलवली. त्या दिवसानंतर त्यांनी त्याच्या घरचं पाणी घेतलं नाही. मला मात्र त्या शेवटपर्यंत लेकीसारखं वागवत राहिल्या, आणि ते मी घेत राहिले. मी स्वतःला समजावलं की दादाला मनापासून तसंच वाटतं. प्रॅक्टिसचं तो बोललाच होता, नाही का? त्याचा तो समज दूर करायला मला धीर झाला नाही. पुढे तर ती सवयच झाली.

साधारण महिन्याने मी पुन्हा पुस्तक उघडलं. ग्रंथालयातल्या पुस्तकांची तालिका कशी करावी याचं ते जाड पुस्तक मी गणपतीला येताना पिशवीत घालून दादाकडे आणलं होतं. निम्म्यावर, जिथे मी वाचन थांबवलं होतं तिथे, घडी घातलेला कागद होता. फॉर्म. खूण म्हणून मीच ठेवला होता. चतुर्दशीच्या दुपारी तो त्या पिशवीत, स्वयंपाकघराबाहेरच्या खुंटीवर, माझ्या हातापासून चार पावलांवर टांगलेला होता... मुदत वाढवून मिळाली होती. मी तोच फॉर्म भरला आणि दादाला सांगितलं, नवीन मागवला. "बरं झालं," तो म्हणाला. त्या फॉर्मवर मी परीक्षा दिली, नांदेडच्या एका कॉलेजात ग्रंथपाल झाले आणि नोकरीभर लोकांना सांगत राहिले की कोणती वस्तू कुठे ठेवली आहे याची नोंद असायलाच हवी.

लातूरच्या घराला त्या पहाटेच्या भूकंपात तडे गेले होते. भिंती दुरुस्त झाल्या. पश्चिमेकडच्या खोलीची फरशी मात्र एका बाजूने खचली होती. दारात ठेवलेली पेन्सिल हळूहळू निघायची आणि खिडकीखालच्या भिंतीला जाऊन लागायची. गवंडी म्हणाला, नव्याने बसवून देतो. दादा म्हणाला, राहू द्या. मी नोकरीला लागेपर्यंत तीन वर्षं त्या घरात होते आणि पुढे शनिवारी नांदेडहून एसटीने येत असे, त्यामुळे मी जे सांगतेय ते एकदा पाहिलेलं नाही. संध्याकाळी पाचच्या सुमाराला दादा त्या खोलीच्या दारात चेंडू ठेवून सोडायचा. चेंडू उताराने निघायचा. दादा त्याच्या पुढे चालत जायचा, खोलीच्या मध्यावर गुडघा टेकायचा, तळवा लावायचा. चेंडू थांबायचा. मग हात उचलून तो बाजूला व्हायचा आणि भिंतीशी, दाराकडे पाठ करून उभा राहायचा.

चेंडू तिथेच राहायचा. उतारावर. दुसऱ्या दिवशी पाचपर्यंत.

फरशीत खळगा असेल असं मी म्हणायचे. एका शनिवारी दादा बाजारात गेला असताना मी चेंडू उचलून तिथे हात फिरवला. खळगा नव्हता. चेंडू परत त्याच जागी ठेवला, तर तो माझ्या बोटांखालून निघून भिंतीपर्यंत गेला. दादा आला, भिंतीशी पडलेला चेंडू त्याने पाहिला आणि म्हणाला, "तू हात उचलायला घाबरलीस." एवढंच. मग तो पिशवीतली वांगी काढायला लागला.

पुढे लातूर बदललं. देवणीपासून अर्धापूरपर्यंतची मुलं-मुली गुणांसाठी इथे येऊ लागली, घराघरांवर मजले चढले. आमच्याही वर दोन खोल्या झाल्या. दादाच्या शाळेने निम्मं मैदान क्लासला दिलं आणि जिथे वर्तुळ होतं तिथे पत्र्याची लांब शेड उभी राहिली. गोलात मारलेला चेंडू जिच्यावर आदळायचा ती गोलामागची लाकडी फळी काढून कुठेतरी टाकून दिली. दादाने त्याबद्दल तक्रार केली नाही. वर्षभरात क्लासचे भौतिकशास्त्राचे तरुण सर आमच्याकडे आले. मी त्या दिवशी घरी होते.

"सर, तुम्ही जुने हाव म्हणून विचारतो. पोरं म्हणायलीत, मागनं कुणीतरी फळी वाजवायलंय. ठाक्कन. एकदाच."

"किती वाजता?" दादाने विचारलं.

"पाचला. सव्वापाचच्या आत."

"वेळेवर हाय मग," दादा म्हणाला.

सरांना ती थट्टा वाटली. तेही हसले आणि पत्रा दिवसभर तापतो, मग निवताना कसा वाजतो ते त्यांनी आम्हांला समजावून सांगितलं. त्यांचं बरोबरच असेल. मी एकदा पाच वाजता त्या शेडमागे जाऊन उभी राहिले. पत्रा वाजलेला मी पुष्कळदा ऐकला आहे. मी जे ऐकलं ते लाकूड होतं.

वरच्या मुलींना चेंडूचं काही वाटत नसे. त्यांना खोलीची मजा वाटायची. "काका, तुमच्या घरात पेन ठिवला की पळायलंय!" आणि दादा म्हणायचा, "म्हणून तर म्हणतो, हातात धर आन् लिही." गेली दोन वर्षं त्याला गुडघा टेकवत नव्हता. प्रियाने मला नंतर सांगितलं, तो तिला दारात चेंडू सोडायला सांगायचा आणि खाटेवर कडेला बसून, वाकून हात लावायचा. तेव्हाही चेंडू राहायचा. "आम्ही झाडताना बाजूनं झाडतो, आत्या. भ्या वाटतं असं न्हाई... पण बाजूनं."

ज्या दिवशी तो गेला त्या दिवशी मी दुपारी पोचले तेव्हा चेंडू भिंतीशी होता. पेनांची टोपणं, खोडरबर आणि चेंडू. कुणीच हात लावला नव्हता, असं सगळ्या मुली शपथेवर सांगत होत्या.

तो गेल्यापासून मी पुन्हा पुन्हा त्याच एका गोष्टीपाशी येते. रघुनाथला स्टँडवर दादाने सोडलं होतं. इतका बोलणारा माणूस, राहायचं ठरवून अचानक निघाला, तर का निघाला हे स्कूटरवर मागे बसून त्याने सांगितलंच असणार. दादाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. उघडी ट्रंक त्याने पाहिली होती. आणि तरी तेराव्याला, माझे ओठ हलायच्या आत, त्याने ते आपल्या अंगावर घेतलं आणि हात न झटकता तीस वर्षं धरून ठेवलं. तो मला वाचवत होता. आणि मी समजत होते की त्याच्या समजाला मी धक्का लावत नाहीये. त्याला फक्त एक माहीत नव्हतं. रघुनाथ त्या ट्रंकेत जे शोधत होता ते तिथे होतं की नव्हतं. तीस वर्षांत त्याने ते एकदाच विचारलं, आणि मी म्हटलं, कसला फॉर्म.

गेल्या शनिवारी मी लातूरला गेले. घर आवरायचं होतं. प्रिया क्लासला गेली होती. मी त्या खोलीत खाटेवर बसले आणि म्हणाले, मोठ्याने, कारण मनात म्हणून भागणार नव्हतं, "सापडला दादा. पुस्तकात होता. इथंच होता, तुझ्या घरात. मी त्यांना उगीच पाठवलं."

खोलीत काहीच झालं नाही. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

मग मी भिंतीशी पडलेला चेंडू उचलला. चामडं कोरडं पडलं होतं, शिवणीत अजून चुना होता. दारात जाऊन तो खाली ठेवला आणि सोडला. तो निघाला. मी त्याच्या पुढे चालत गेले. माझेही गुडघे आता दुखतात, पण मध्यावर पोचून मी एक गुडघा टेकला आणि उजवा तळवा फरशीला लावला. चेंडू आला, हाताला लागला. आतापर्यंत मला वाटायचं, सगळं कसब थांबवण्यात आहे. मी हात उचलला, बाजूला झाले आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिले.

पाच वाजत आले होते. चेंडू घरंगळल्याचा आवाज आला नाही. मी मागे पाहिलं नाही.